दमसासाच्या सरावाने हृदय बदलतं तेव्हा: नोंदी कशा ठेवाव्यात, रिपोर्ट कसा वाचावा

आठ-दहा वर्षं नेमाने धावणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) पहिल्यांदा निघतो तो बहुतेक वेळा भलत्याच निमित्ताने: विमा, नाहीतर एखाद्या ऑपरेशनआधीची तपासणी. रिपोर्टखाली ओळ असते, ‘डावा निलय किंचित मोठा, ईएफ ५२ टक्के’. ईसीजीवर नाडी ५०. कागद घरी येतो आणि घरच्यांची झोप उडते.

घाबरण्याआधी पाच मिनिटं हिशेब मांडावा. डावा निलय म्हणजे अंगभर रक्त ढकलणारा खालचा कप्पा, आणि ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर जाणारा वाटा. सराव नसलेल्या माणसाच्या या कप्प्यात समजा १२० मिली रक्त मावतं. त्यातलं ६० टक्के, म्हणजे ७२ मिली, दर ठोक्याला बाहेर पडतं. ७० ठोक्यांत मिनिटाला सुमारे ५ लिटर झाले. आता आपला धावपटू: कप्प्यात १९० मिली, ईएफ ५२ टक्के, ठोक्याला ९९ मिली. बसल्या जागी अंगाला लागणारे तेच ५ लिटर ५० ठोक्यांत भागतात. मोठा कप्पा, मंद नाडी आणि कमी दिसणारा ईएफ ही एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत. तिन्ही वेगवेगळी वाचली तर तीन आजार दिसतात.

खरा फरक दम लागतो तेव्हा कळतो. सराव नसलेल्या निरोगी तरुणाचं हृदय कमाल जोरात मिनिटाला साधारण २० लिटर रक्त ढकलतं, तर अव्वल दर्जाचे लांब पल्ल्याचे खेळाडू ३५ ते ४० लिटरपर्यंत जातात. हौशी माणूस मधे कुठेतरी असतो. सरावाने कमाल ठोके वाढत नाहीत, उलट थोडे कमीच होतात. म्हणजे जी वाढ होते ती जवळजवळ सगळी ठोक्यामागच्या रक्ताची.

हे काही नवं ज्ञान नाही. स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावरून स्की करणाऱ्यांच्या छातीवर नुसतं बोटांनी ठोकून त्यांची हृदयं मोठी असल्याचं नोंदवलं होतं.

कोणता बदल कधी

पहिल्या एक-दोन आठवड्यांत हृदयाच्या स्नायूत फारसं काही घडत नाही. वाढतं ते रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा. तेवढ्यानेही नाडी दोन-चार ठोक्यांनी उतरते. याच काळात हिमोग्लोबिन तपासलं तर ते थोडं कमी दिसू शकतं, कारण लाल पेशी तेवढ्याच असून रक्त पातळ झालेलं असतं. मात्र थकवा हटत नसेल तर हे कारण गृहीत धरू नका, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) तपासून घ्या.

कप्प्यांचा आकार बदलायला महिने लागतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराव नसलेल्या १२ जणांना वर्षभर मॅरेथॉनच्या तयारीला लावलं होतं. डाव्या निलयाची भिंत आधी जाड होत गेली आणि पोकळी मोठी झाली ती वर्षाच्या उत्तरार्धात. उजवा निलय, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पा, मात्र सुरुवातीपासून दोन्ही अंगांनी वाढत राहिला. तेव्हा तीन महिन्यांच्या सरावानंतर इको काढून ‘काहीच फरक नाही’ म्हणणं घाईचं ठरतं.

नाडी मंद होण्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे मेंदूकडून येऊन ठोके मंद करणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम घट्ट होतो. दुसरं, हृदयातली जी गाठ ठोक्यांची लय ठरवते तिच्या पेशींमध्येच बदल होतो. त्यामुळे बरीच वर्षं सराव केलेल्यांची नाडी सराव सोडल्यावरही लगेच वर येत नाही.

नोंद कशी ठेवावी

सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मध्यमा टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी हाताला लागते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. दुसरा फायदा असा की मिनिटभर बोट ठेवलं की लय सारखी आहे की अडखळते तेही कळतं. श्वास आत घेताना ठोके जरा जलद आणि सोडताना मंद होणं ठीकच आहे. लयीला कसलाच मेळ नसणं वेगळं.

एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या महिन्याशी ताडून पाहा. सरासरीपेक्षा ७-८ ठोके जास्त सलग तीन दिवस दिसले तर झोप, ताप, पाण्याची कमतरता आणि मागच्या आठवड्याचा भार या क्रमाने शोधा.

महिन्यातून एकदा ठरलेली चाचणी घ्या. तोच रस्ता, तीच वेळ, हवाही शक्यतो तशीच. १५ मिनिटं शरीर गरम करा, मग ३० मिनिटं एकाच वेगाने धावा. त्यातली पहिली १० आणि शेवटची १० मिनिटं यांचे सरासरी ठोके लिहून ठेवा. सराव मुरला की दोन गोष्टी दिसतात: त्याच वेगाला ठोके कमी लागतात आणि दोन सरासऱ्यांतलं अंतर आटतं. थांबल्यावर एक मिनिट सावकाश चालत ठोके किती उतरले तेही लिहा. १२ किंवा त्याहून कमी उतरणं वारंवार दिसलं तर डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

मनगटी घड्याळाची एक खोड इथे मारक ठरते. पट्टा सैल असेल किंवा थंडी असेल तर प्रकाशाचा सेन्सर नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. आरामात धावताना अचानक १७०-१७५ चा सपाट आलेख दिसला आणि मिनिटाला पावलंही तेवढीच पडत असतील, तर तो आकडा पायांचा आहे. छातीचा पट्टा यापेक्षा भरवशाचा. फक्त त्याचे इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंत तोही वेडेवाकडे आकडे देतो.

कमाल ठोके काढायला २२० वजा वय किंवा २०८ वजा वयाच्या ०.७ पट, ही दोन्ही सूत्रं अंदाजाचीच आहेत. एखाद्याच्या बाबतीत दहा-पंधरा ठोक्यांची तफावत सहज पडते. ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनी तर ही सूत्रं बाजूलाच ठेवावीत.

किती आणि कसा सराव

२०१८ च्या एका प्रयोगात ४५ ते ६४ वयाच्या, बैठ्या सवयीच्या लोकांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस सराव केला. त्यांच्या डाव्या निलयाचा ताठरपणा कमी झाला आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. पासष्टीच्या पुढे सुरुवात केलेल्यांमध्ये ताठरपणा असा उतरलेला आढळला नाही. त्यांनी सराव करू नये असा याचा अर्थ नव्हे. दम, रक्तदाब, साखर यांचा लाभ कोणत्याही वयात मिळतो.

हौशी माणसाला झेपेल असा आठवडा असा असावा: दोन किंवा तीन दिवस पाऊण तास, पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या आरामाच्या वेगाने. एक दिवस तासाभरापेक्षा लांब, त्याच वेगाने. एक दिवस जोराचा: ४ मिनिटं जिथे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही असा वेग, मग ३ मिनिटं सावकाश, असं चार वेळा. सुरुवातीचे दोन-तीन महिने हा जोराचा दिवस नकोच. पोकळी वाढवणारं मुख्य खाद्य म्हणजे तासन्‌तास भरून येणारं रक्त, आणि ते आरामाच्या वेगातही भरपूर येतं. हौशी लोक चुकतात ते नेमके इथे: आरामाचा दिवस अर्धवट जोरात जातो आणि जोराच्या दिवशी पायांत जीव उरत नाही.

ताप असताना, किंवा घशाखालची लक्षणं (छातीत कफ, अंगदुखी) असताना पळू नये. विषाणूचा संसर्ग कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो आणि त्यावर व्यायामाचा ताण पडला की धोकादायक लय सुरू होऊ शकते. अशी सूज आल्याचं निदान झालं तर विश्रांती महिन्यांच्या हिशेबात असते आणि परतायचं कधी ते तपासण्या करून डॉक्टर ठरवतात.

रिपोर्ट वाचताना

ईसीजीवर मंद नाडी, पहिल्या दर्जाचा एव्ही ब्लॉक (वरच्या कप्प्यांकडून खाली विजेचा संदेश जरा उशिरा पोचणं), झोपेत दिसणारा वेन्केबाख प्रकार (हा उशीर वाढत जाऊन एखादा ठोका गळणं), उजव्या शाखेचा अपुरा ब्लॉक (उजव्या निलयाकडचा संदेश किंचित रेंगाळणं) आणि उंच लहरी हे सराव करणाऱ्यांत नेहमीचं आहे. पुढच्या गोष्टी मात्र सरावाच्या खात्यावर टाकता येत नाहीत: जागेपणी विश्रांतीत ३० च्या खाली नाडी, ३ सेकंदांचा किंवा त्याहून मोठा खंड, मोबित्झ दोन (उशीर न वाढता अचानक ठोका गळणं) किंवा पूर्ण ब्लॉक (वरचा संदेश खाली पोचतच नाही), डाव्या शाखेचा पूर्ण ब्लॉक, आणि व्ही-५, व्ही-६ या छातीच्या डाव्या बाजूच्या नोंदींमध्ये उलटलेल्या टी लहरी (ठोक्यानंतर उमटणारी लहर). शेवटच्या बाबतीत इको नॉर्मल आला तरी हृदयाचा एमआरआय टाळू नये.

इकोमध्ये भिंतीची जाडी आणि पोकळी यांचं प्रमाण पाहा. मागच्या भिंतीच्या जाडीला दोनने गुणून पोकळीच्या व्यासाने भागायचं. भिंत १०.५ मिमी आणि पोकळी ५७ मिमी असेल तर उत्तर ०.३७ येतं, ०.४२ पर्यंत ठीक धरतात. भिंत १४ आणि पोकळी ४४ असेल तर ०.६४. हे धावण्याने झालेलं हृदय वाटत नाही. वाढलेला रक्तदाब किंवा आनुवंशिक जाडी शोधायला हवी. इटलीतल्या ९४७ अव्वल खेळाडूंच्या १९९१ च्या अभ्यासात १३ मिमी किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांत सापडली होती. आठवड्याला पाच तास धावणाऱ्या हौशी माणसाची भिंत १४ मिमी भरली तर ‘खेळाडूचं हृदय’ म्हणून फाइल मिटवणं मला बेफिकिरी वाटते.

ईएफ ५० च्या आसपास असेल आणि शंका राहिली तर व्यायाम करताना इको काढायला सांगा. निरोगी मोठं हृदय भार पडला की ईएफ ठसठशीत वाढवतं, आजारी हृदय तिथेच रेंगाळतं.

अतीची किंमत

मॅरेथॉननंतर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं असतं आणि साधारण दोन-तीन दिवसांत उतरतं. फार लांब शर्यतींनंतर उजवा निलय तात्पुरता फुगून मंदावतो. बहुतेकांत तो आठवडाभरात पूर्ववत होतो. म्हणून मोठ्या शर्यतीनंतरचा पहिला आठवडा जोर नको.

वर्षानुवर्षांचा हिशेब वेगळा आहे. स्वीडनच्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत १९८९ ते १९९८ दरम्यान उतरलेल्या ५२,७५५ जणांचा माग काढला, तेव्हा जास्त वेळा शर्यत पूर्ण केलेल्यांत लयीचे बिघाड, मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर), जास्त आढळले. ताणल्या गेलेल्या वरच्या कप्प्यांशी त्याचा संबंध लावतात. ते ओळखायची खूण सोपी आहे: नेहमी १४५ ठोके लागणाऱ्या वेगाला अचानक १८५ दिसतात, पाय गळतात आणि बोटाखालची नाडी बेताल असते. थांबा आणि जमेल तर तिथेच एका लीडचा ईसीजी (घड्याळावर किंवा खिशातल्या यंत्रावर निघतो तो) ३० सेकंद नोंदवा. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर लय बऱ्याचदा सरळ झालेली असते आणि मग हातात पुरावा उरत नाही.

पस्तिशीनंतर व्यायामात होणाऱ्या आकस्मिक हृदयमृत्यूंमागे मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे अडथळे असतात. धावणाऱ्यांनाही ते होतात. मॅरेथॉनच्या वेळेने कोलेस्टेरॉल उतरत नाही, ते तपासावंच लागतं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, धावता धावता भोवळ, नेहमीच्या चढावर विनाकारण धाप: यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला, आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत पुढचाही.

सराव सुटल्यावर

भिंतीची जाडी काही महिन्यांत उतरते. जाडीचं कारण सराव की आजार, हे ठरवायला डॉक्टर तीन महिने सराव थांबवून पुन्हा इको काढतात तो याच आधारावर. पोकळीचं तसं नसतं. ४० माजी अव्वल खेळाडूंना सराव सोडून एक ते तेरा वर्षं झाल्यावर तपासलं, तेव्हा सर्वांची जाडी पूर्ववत झाली होती. पण ९ जणांची पोकळी ६० मिमी किंवा त्याहून मोठीच होती. तेव्हा इकोच्या टेबलावर झोपण्याआधी तंत्रज्ञाला तीन आकडे सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा: किती वर्षं सराव केला, आठवड्याला किती तास, आणि कोणत्या साली थांबवला.