चेनसॉ किती इंची आणि किती ताकदीची घ्यावी?

झाडाचा घेर टेपने मोजा आणि ३.१४ ने भागा. येईल तो व्यास. ९५ सेंटीमीटर घेराचे खोड साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे १२ इंच जाड भरते. माप छातीच्या उंचीवर न घेता जिथे कापणार तिथेच घ्या. बुंध्यापाशी खोड फुगलेले असते आणि दोन-चार इंच सहज वाढतात. चेनसॉची निवड या आकड्यापासून सुरू होते. नेहमीच्या कामात जेवढा जाड ओंडका येतो, त्याहून बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) दोन इंच लांब असावा, एवढा हिशेब पुरतो.

दोन इंच कशाला? बारची कापायची लांबी मशीनच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत धरतात, पण लाकडाला टेकवायचे लोखंडी काटे त्यातला इंचभर खातात. दुसरा इंच टोक लाकडाच्या पलीकडे दिसावे म्हणून. टोक आत लपले तर पलीकडे ते कशाला लागते आहे ते कळत नाही, आणि टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन क्षणात कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. किकबॅक म्हणतात तो हाच.

अधूनमधून एखादाच जाड ओंडका येत असेल, तर तेवढ्यासाठी मोठे मशीन घेऊ नका. आडवा पडलेला ओंडका दोन्ही बाजूंनी कापला तर १६ इंची बारने २४-२५ इंचांपर्यंतचा व्यास निघतो. उभे जाड झाड आखूड बारने पाडणे मात्र वेगळे कसब आहे. ते शिकलेल्या माणसावरच सोडा.

ताकदीचा हिशेब

इंजिनाची ताकद खर्च होते ती त्या क्षणी लाकडात रुतलेले दात ओढण्यात. २० इंची बारने ८ इंचांची फांदी कापताना इंजिनाला फारसे काही वाटत नाही. तोच बार पूर्ण बुडवला की दात अडीच पट होतात. लहान इंजिनावर लांब बार लावलेले मशीन म्हणूनच फांद्यांवर झकास चालते आणि बुंध्यात गेले की मान टाकते. शिवाय लांब बारला तेल जास्त लागते; लहान मशीनचा तेलपंप ते टोकापर्यंत पोचवू शकत नाही, बार कोरडा पडून तापतो आणि त्याच्या कडा निळ्या पडतात.

पेट्रोल मशीनचा मेळ साधारण असा बसतो:

| बार | इंजिन | ताकद |
|---|---|---|
| १२ इंच | २५–३२ सीसी | १ किलोवॅटच्या आसपास |
| १४ इंच | ३०–३८ सीसी | १.३–१.६ किलोवॅट |
| १६ इंच | ३८–४५ सीसी | १.६–२.३ किलोवॅट |
| १८ इंच | ४५–५५ सीसी | २.३–३ किलोवॅट |
| २० इंच | ५५–६५ सीसी | ३–३.५ किलोवॅट |
| २४ इंच | ६५–७५ सीसी | ३.५–४.४ किलोवॅट |
| २८ इंच व पुढे | ९० सीसी आणि वर | ५ किलोवॅटपेक्षा जास्त |

एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३४ अश्वशक्ती. सीसी आणि किलोवॅट यांतला एकच आकडा विचारायचा झाला तर किलोवॅट विचारा. हुस्क्वार्नाची ४५० ही ५०.२ सीसीची आणि २.४ किलोवॅटची, त्याच कंपनीची ५५० एक्सपी पहिल्या आवृत्तीत ५०.१ सीसीची, पण २.८ किलोवॅटची. इंजिन एवढेच, ताकद सहाव्या हिश्शाने जास्त. फरक सिलिंडरच्या आखणीचा.

स्वस्त मशीनवर छापलेल्या सीसीवर तर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दिला असेल तर दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या आणि व्यास × व्यास × ०.७८५ × स्ट्रोक असा गुणाकार करा. ४५.२ मिलिमीटर व्यास आणि ३४ मिलिमीटर स्ट्रोक असेल तर उत्तर ५४.५ सीसी येते. मग डब्यावर ६२ लिहिलेले असले तरी इंजिन ५४.५ चेच.

वरचा मेळ मध्यम टणक, ओलसर लाकडाचा आहे. वाळलेली बाभूळ, चिंच, खैर असे लाकूड रोजचे असेल तर इंजिन तेच ठेवून बार दोन इंच आखूड घ्या, नाहीतर तक्त्यात एक पायरी वर जा. नारळ-ताडासारख्या धागेदार खोडांत ताकदीपेक्षा धाग्यांचा त्रास मोठा. ते स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळतात आणि तेलाचे भोक बुजवतात, तेव्हा झाकण उघडून वरचेवर साफ करावे लागते.

कोणत्या कामाला कोणते

छाटणीला १० ते १२ इंच भरपूर झाले. जमिनीवरून उंच फांद्या काढायच्या असतील तर ८-१० इंची बारची दांड्याची करवत घ्या. शिडीवर चढून चेनसॉ चालवू नका. वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी मशीन दिसायला सुटसुटीत वाटतात, पण ती दोर बांधून झाडावर चढणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी आहेत. जमिनीवरच्या कामाला ती घेतली की एका हाताने चालवायचा मोह होतो, आणि एका हातात किकबॅक आवरत नाही.

सरपण फोडण्याआधी ओंडक्यांचे तुकडे पाडायला, पडलेले झाड साफ करायला १६ इंच आणि ४० ते ४५ सीसी. बहुतेकांना आयुष्यभर हेच पुरते. बार-चेन सोडून अशा मशीनचे वजन साडेचार किलोच्या आसपास असते, ७० सीसीवाल्याचे सहा-साडेसहा. हे दोन किलो पहिल्या अर्ध्या तासात जाणवत नाहीत. दुपारनंतर हात खाली येतो, टोक जमिनीला घासते आणि मातीत दोन सेकंद फिरलेल्या चेनची धार तिथेच संपते.

१५-१८ इंचांची झाडे नियमित पाडायची तर २० इंच आणि ६० सीसी. फळ्या चिरणे हे सगळ्यांत जड काम: काप लाकडाच्या रेषांना आडवा न जाता त्यांच्या लांबीच्या दिशेने जातो, आणि इंजिन कित्येक मिनिटे पूर्ण भाराखाली राहते. १२-१४ इंच रुंद फळीलाही ७० सीसी धरा, २० इंचांच्या पुढे ९०. चेनही वेगळी लागते. तिच्या दातांची धार ३० ऐवजी सुमारे १० अंशांत घासलेली असते. ४५ सीसीवर फळ्या चिरण्याचा हट्ट पिस्टन घासून खराब होण्यात संपतो.

वायरचे आणि बॅटरीचे

१८०० ते २२०० वॅटचे वायरचे मशीन १४-१६ इंची बारला योग्य. २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर लागतात. लांब एक्स्टेन्शनला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडते, मोटर तापते आणि दोष मशीनला मिळतो.

बॅटरीचा हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॅट-तास. कापताना मशीन १५०० वॅट ओढत असेल तर सलग कापण्याचा वेळ सात मिनिटे भरतो. छाटणीत बटण थोडा थोडा वेळच दाबले जाते, म्हणून तिथे ही सात मिनिटे बराच वेळ पुरतात. सरपणाच्या ढिगाला पुरत नाहीत.

ताकद कमी की धार गेली?

मोठे मशीन घ्यायच्या आधी खाली पडणारा भुसा हातात घ्या. जाडसर, चौकोनी कपचे असतील आणि तरी इंजिन दमत असेल, तर बार इंजिनाला जड आहे. पिठासारखा भुसा असेल तर धार गेली आहे, कानस काढा. कानशीची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या इंचांतल्या अंतरावर ठरते: ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५. दातापुढचा गेज (दात किती खोल घुसेल ते ठरवणारा उंचवटा) दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो जास्त घासला तर प्रत्येक दात मोठा घास घेतो, मशीन हिसके देते, आणि चांगले इंजिनही कमजोर वाटते. करवत एका बाजूला वळत जात असेल तर त्या बाजूचे दात जास्त लांब किंवा जास्त धारदार राहिले आहेत.

बार खरेच लांब निघाला तर मशीन बदलायची गरज नाही, आखूड बार आणि त्याची चेन घ्या. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: बारच्या मागच्या टोकाची खाच, पिच, बारच्या कडेच्या चेन फिरायच्या खाचेची रुंदी आणि चेनच्या खालच्या कड्यांची संख्या. १.५ मिलिमीटरच्या खाचेत १.३ ची चेन बसते, पण डुलते आणि तिरके कापते. उलट केले तर बसतच नाही. कडी मोजताना चेन जमिनीवर सरळ पसरा, एका कड्याला खडूने खूण करा आणि बारच्या खाचेत जाणारी टोकेच तेवढी मोजा.