चर्चशी जोडलेलं एचबीसीयू निवडताना काय तपासावं

१९६४ पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी सुरू झालेल्या मान्यताप्राप्त अमेरिकन कॉलेजांना एचबीसीयू म्हणतात. आज अशी सुमारे शंभर आहेत. त्यांतली अनेक खासगी कॉलेजं चर्चने उभी केली. प्रवेशाला वर्णाची अट नाही, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यानेही बेधडक अर्ज करावा. पण पुढच्या गोष्टी बघूनच.

सगळ्यात आधी मान्यता. अमेरिकी शिक्षण विभागाच्या डीएपीआयपी या यादीत कॉलेजचं नाव शोधा आणि मान्यता कोणाची आहे, सध्या चालू आहे का, 'प्रोबेशन' (परीक्षाधीन) किंवा 'शो कॉज' (मान्यता का काढू नये याचं कारण द्या) असा शेरा आहे का, हे वाचा. 'वॉर्निंग' म्हणजे ताकीद, तिच्यापेक्षा 'प्रोबेशन' गंभीर. दक्षिणेकडच्या बहुतेक कॉलेजांची मान्यता एसएसीएसओसी या मान्यता देणाऱ्या संस्थेकडे असते, काहींची ट्रॅक्स या दुसऱ्या संस्थेकडे. छोट्या चर्च कॉलेजांचं घोडं बहुधा पैशांवर अडतं, कारण गंगाजळी तुटपुंजी आणि सगळी भिस्त फीवर. अटलांटाच्या मॉरिस ब्राउन कॉलेजची मान्यता २००२ मध्ये गेली, तिच्याबरोबर सरकारी अर्थसाह्य गेलं आणि विद्यार्थीही गेले. मान्यता परत मिळायला २०२२ उजाडलं. मधल्या काळातले क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) दुसरं कॉलेज धरेलच असं नसतं, म्हणून हा शेरा कधीही हलक्यात घेऊ नका.

मग चर्च नेमकं कोणतं ते पाहा. नुसतं 'मेथडिस्ट' म्हणून भागत नाही. विल्बरफोर्स कॉलेज एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चचं, लिव्हिंगस्टन एएमई झायन चर्चचं, लेन सीएमई (ख्रिश्चन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चचं, तर क्लॅफ्लिन, डिलार्ड, बेनेट ही युनायटेड मेथडिस्टांची. ही चार वेगळी चर्च, म्हणजे स्वतंत्र धर्मसंस्था आहेत. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सदस्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती एएमईच्या सदस्याला मिळत नाही, आणि तिथेच अर्ज फुकट जातात. युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेल्या ११ एचबीसीयूंना त्या चर्चच्या ब्लॅक कॉलेज फंडातून मदत जाते, हे मात्र खरोखर बळ आहे. चर्चने 'स्थापलेलं' आणि आज चर्चशी 'संलग्न', यातही फरक असतो. पेनसिल्व्हेनियाचं लिंकन १८५४ मध्ये प्रेस्बिटेरियनांच्या पुढाकाराने सुरू झालं, पण १९७२ पासून ते राज्याशी संबंधित विद्यापीठ आहे.

रोजचं आयुष्य कसं असेल, हे माहितीपत्रकात सापडत नाही. चालू वर्षाचा कॅटलॉग आणि विद्यार्थी नियमावली उघडा. 'चॅपल', 'असेंब्ली', 'कॉन्व्होकेशन' हे तिन्ही शब्द शोधा, कारण प्रार्थनेला किंवा सभेला सक्तीची हजेरी यांतल्या कुठल्याही नावाखाली असू शकते. सत्राला किती हजेऱ्या लागतात, त्या कमी पडल्या तर दंड होतो की पदवीच अडते, हे टिपून घ्या. धर्मशास्त्राचे किती क्रेडिट सक्तीचे आहेत तेही पाहा. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर हे एकमेव कॅथलिक एचबीसीयू. हंट्सव्हिलचं ओकवुड सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांचं असल्याने तिथे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस पाळतात. शनिवारी काम करून पैसे जोडायचा बेत असेल, तर हे आधीच ध्यानात घ्या.

खर्चाच्या बाबतीत 'नेट प्राइस'च्या, म्हणजे अर्थसाह्य वजा जाता उरणाऱ्या खर्चाच्या आकड्यावर विसंबू नका. ती सरासरी अर्थसाह्य मिळणाऱ्यांची असते आणि परदेशी विद्यार्थ्याला सरकारी अर्थसाह्य मिळत नाही. प्रवेश विभागाला ईमेल करून परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या दरवर्षी चालू राहतात का आणि त्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, हे लेखी मागा.

अर्जासाठी 'कॉमन ब्लॅक कॉलेज अ‍ॅप्लिकेशन' बरा. एकाच अर्जात अनेक एचबीसीयूंकडे माहिती जाते. मात्र गुणपत्रिका आणि इंग्रजी चाचणीचा निकाल प्रत्येक कॉलेजला हवा तसा पोहोचला की नाही, हे तुम्हीच विचारा. ते कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देऊ शकतं का, हे 'स्टडी इन द स्टेट्स' या अमेरिकी सरकारी संकेतस्थळाच्या शाळा-शोधात पाहा. सगळीच छोटी कॉलेजं त्या यादीत नसतात. प्रवेश मिळाल्यावर एका वर्षाच्या खर्चाचे बँकेचे कागद द्यायचे, आय-२० घ्यायचा, ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्क भरायचं आणि मगच एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीला जायचं. आय-२० वरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. चूक असेल तर शुल्क भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या.