लाँगस्वर्डच्या वर्गाला जायचं म्हणताय?

लाँगस्वर्ड म्हणजे दोन्ही हातांनी चालवायची मध्ययुगीन युरोपी तलवार. पहिली गोष्ट, ती विकत घेऊ नका. जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींना हा नाद लागला की दोन वर्ग होताहेत न होताहेत तोच ती रात्र रात्र तलवारी बघत बसतात. क्लबाकडे सरावाच्या तलवारी असतात, त्यांवर कित्येक महिने निभतं. हात शिवशिवत असतील तर आधी हातमोजे घ्या. या खेळात सगळ्यात जास्त मार बोटांना बसतो, त्यातही अंगठ्याला. त्यानंतर मास्क. क्लबाचा मास्क आधीच्या बॅचच्या घामासकट मिळतो, एवढं सांगितलं तरी पुरे. पातळ जाळीचा स्वस्त मास्क नको. मागचं डोकं उघडं राहतं, तिथे जाड आवरण वेगळं लावावं लागतं. जॅकेट, गळ्याचं संरक्षण आणि शेवटी तलवार धरली तर हजार युरोच्या आसपास खर्च येतो, पण तो वर्षभरात पसरवता येतो.

मी दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या क्लबात जाते. शाळेचा जिम हॉल, आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. शाळेला सुट्टी लागली की हॉलला कुलूप, मग बागेत सराव. सोबत नर्स, सुतार, पीएचडीवाले, निवृत्त शिक्षक असे सगळे. सरावाच्या तलवारीला ‘फेडर’ म्हणतात: बोथट, टोकाकडे लवचिक, वजन साधारण दीड किलो. सिनेमे बघून दहा किलोची तलवार डोक्यात असेल तर ती काढून टाका. पहिल्या महिन्यात दुखतात त्या पोटऱ्या, कारण निम्मा वेळ पायांवरच जातो.

आपल्याकडे, कोल्हापुरात म्हणा, मर्दानी खेळ वस्तादाकडून शिष्याकडे हातोहात आला. इथे मध्ययुगीन तलवारबाजीची ती साखळी मधेच तुटली. उरल्या त्या पोथ्या. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअरची शिकवण कोड्यासारख्या पद्यात आहे आणि पुढच्यांनी तिच्यावर भाष्यं लिहिली. योआखिम मायरचा सचित्र ग्रंथ 1570 मध्ये स्ट्रासबुर्गला छापला गेला. तलवार आणि मुठीत धरायच्या छोट्या ढालीची त्याहून जुनी पोथी इंग्लंडात लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे. आज जे शिकवतात ते या पानांवरून पुन्हा उभं केलेलं आहे. त्यामुळे ‘हे असंच का?’ विचारलं तर कोणी डोळे वटारत नाही, उलट पोथीचं पान उघडून दाखवतात. आमचे दोन प्रशिक्षक एकाच ओळीचे दोन अर्थ लावतात आणि दोघेही आपापल्या वर्गात बिनधास्त तसंच शिकवतात. नवख्याचा गोंधळ होतो. होऊ द्या.

(‘दांडपट्टा सोडून हे कुठलं खूळ?’ असं आत्याने विचारलं, तर मराठ्यांच्या फिरंग तलवारींना युरोपातली पाती बसवत, हे तिला सांगा. आमची आत्या तेवढ्यावर गप्प झाली.)

ओक्स, प्फ्लूग, आल्बर, फोम टाग हे चार पवित्रे आधी घोटून घ्या. त्यांची नावं जर्मनच ठेवतात, बाकीचं इंग्रजीत समजावून देतात. आता सगळ्यात अवघड काम: जोडीदारावर खरा वार करणं.

उदाहरण घ्या त्सोर्नहाउ नावाच्या वाराचं. समोरचा उजव्या खांद्यावरून तिरका वार डोक्यावर घालतो. तुम्हीही तसाच वार करून त्याला भिडता, पाती एकमेकांना चिकटतात. त्याचं पातं ढिलं लागलं तर तिथूनच टोक चेहऱ्याकडे रेटायचं. त्याने जोर लावला तर जोराला जोर न लावता पातं वर उचलून पलीकडच्या बाजूने वार. ढिलं की घट्ट, हे डोळ्यांनी नाही, तळहाताला कळायला हवं. आता समोरच्याने भिडस्तपणे डोक्याऐवजी तुमच्या तलवारीवरच वार केला, किंवा वीतभर अलीकडे थांबवला, तर तळहाताला कळणार काय? तुम्ही जे शिकाल ते खोटं. म्हणून आमच्या हॉलमध्ये सारखी ऐकू येणारी ओरड म्हणजे ‘डोक्यावर मार, मास्क घातलाय ना!’ आपल्या लोकांना हे जड जातं. वार करायच्या आधीच सॉरी म्हणून मोकळे होतो आपण. वेग कमी ठेवा, हवं तर अगदी संथ, पण अंतर आणि निशाणा खरा हवा. असं करणाऱ्यासोबत जोडी लावायला जुनी मंडळी आपणहून येतात, आणि त्यांच्याकडून अर्ध्या तासात जे मिळतं ते व्हिडिओ बघून मिळत नाही.

आठवड्यातून एकदाच वर्ग असेल तर घरी रोज दहा मिनिटं पावलं टाका, हातात काही नसलं तरी चालेल. भाड्याच्या घरात छताचा दिवा सांभाळा. तलवार घेतलीच तर ट्राममधून नेताना बंद पिशवीत, नीट कुलूप लावून.

मोकळ्या लढतीची, म्हणजे स्पारिंगची, घाई नको. प्रशिक्षक हो म्हणेल तेव्हा हॉलमधल्या सगळ्यात मुरलेल्या माणसासमोर उभे राहा. भीती वाटते ती त्याची, पण जखमी करतो तो दुसरा नवखा, कारण त्याला हात आवरता येत नाही. मुरलेला माणूस दंडावर अलगद टेकवून सांगतो, हा लागला, परत ये.