ठोशाची ताकद जोखताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला कुस्ती बघायला शिकवावं लागत नाही. कुंडलच्या मैदानात पैलवानाने ढाक लावली, की जोर कंबरेतून आला की नुसती हाताने ओढाताण झाली, हे मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. तीच मंडळी मोबाईलवर बॉक्सिंग किंवा एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी लढत) लावतात तेव्हा मात्र सगळी नजर मुठीवर आणि दंडावर खिळते. मग ज्याचे दंड फुगलेले, त्याचा ठोसा भारी, असा हिशोब होतो.

हा हिशोब पहिल्यांदा सोडा. ठोसा जमिनीतून उठतो. मागच्या पायाची टाच वळते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. १९८० च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी नवखे आणि कसलेले बॉक्सर तपासले, तेव्हा कसलेल्यांच्या ठोशात पायांचा वाटा नवख्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. अमेरिकेचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचा, बॉक्सर डिऑन्टे वाइल्डरच बघा. २०१८ मध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीसमोर उतरला तेव्हा त्याचं वजन जेमतेम ९६ किलो होतं आणि फ्युरी ११६ किलोचा. काटक्या पायांच्या या गड्याने फ्युरीला दोनदा खाली पाडलं. म्हणून लढत पुन्हा लावून एकदा फक्त मागचा पाय बघा. कुस्तीत मुरलेल्या डोळ्याला हे लगेच जमतं.

अंग आवळून मारणं म्हणजे जोरात मारणं, हाही असाच एक समज. दंड आधीच ताठ केला की मुठीचा वेग मरतो. अव्वल लढवय्यांचे स्नायू सुरुवातीला क्षणभर आवळतात, मूठ वाटेत असताना सैल पडतात आणि ठोसा लागताना पुन्हा आवळतात. बघताना म्हणूनच त्यांचा ठोसा सहज सुटल्यासारखा वाटतो. त्या सहजपणाला हलकं समजू नका, वर्षांची मेहनत तिथेच असते.

मशीनच्या आकड्याला भुलणं

एमएमए लढवय्या फ्रान्सिस एन्गानूच्या ठोशाचा १ लाख २९ हजार १६१ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो किलोचा नाही, त्या मशीनच्या स्वतःच्या युनिटचा आहे. जत्रेतल्या मशीनचे आकडेही असेच, एकाचे दुसऱ्याशी जुळवता येत नाहीत. शास्त्रीय मोजमाप हवं असेल तर ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रुनो आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि जोर ४०९६ न्यूटन भरला. म्हणजे चारशे किलोहून थोडा जास्त भार, तोही क्षणाच्या अगदी लहान तुकड्यात. हा आकडा लाखाच्या मानाने छोटा दिसतो, पण खरी भीती वाटावी असा हाच आहे.

फक्त हेवीवेटच बघणं

याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते बँटमवेट गटात. लहान वजनाची किंमत आपल्याला नाही कळणार तर कुणाला? जपानचा बॉक्सर नाओया इनोउए ५३.५ किलोच्या बँटमवेटमध्ये २०२२ ला निर्विवाद विजेता (चारही मोठ्या संघटनांचे पट्टे एकाच्याच हाती) झाला आणि वरच्या गटात जाऊन २०२३ ला पुन्हा झाला. दोन्ही निर्णायक लढती त्याने नॉकआउटनेच संपवल्या. ताकद जोखायची ती त्याच वजनाच्या माणसांत. नॉकआउटची टक्केवारी वाचतानाही समोर कोण होतं ते बघा. दुबळे प्रतिस्पर्धी पाडून टक्केवारी सहज फुगते.

दुरून घुमवून आणलेला ठोसाच घातक असतो, असंही अनेकांना वाटतं. १९९४ मध्ये हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीत ४५ वर्षांचा बॉक्सर जॉर्ज फोरमन गुणांवर मागे होता. दहाव्या फेरीत त्याचा एक आखूड, सरळ उजवा हात मायकल मूररच्या हनुवटीवर बसला आणि लढत तिथेच संपली. येणारा ठोसा दिसला तर मान आवळली जाते. दिसलाच नाही तर डोकं झटक्यात फिरतं, आणि शुद्ध बहुतेक वेळा त्या फिरण्याने जाते.

म्हणूनच रेफरीने लढत थांबवली की ‘लवकर थांबवली’ म्हणून ओरडू नका. तेवढ्यात त्या माणसाचे पाय बघा. खाली पडल्यावर रेफरी आठ मोजेपर्यंत तो उभा राहिला, तरी पुढे चालताना लडखडला तर थांबवणंच योग्य.

हे सगळं बघून हात शिवशिवतात, ते साहजिक आहे. पण वाळू भरलेल्या पोत्यावर उघड्या हाताने मारू नका. वाळू खाली बसून दगडासारखी होते. पोत्यात जुने कपडे भरा, हाताला पट्टी बांधा आणि ठोसा तर्जनी-मधल्या बोटाच्या गाठींवर बसवा. करंगळीच्या बाजूला लागला तर तिथलं हाड मोडतं. त्या बाजूला सूज आली आणि मूठ वळेना, तर लेप लावत बसू नका, एक्स-रे काढा.