परसातला मका: दोन रोपांत अंतर किती ठेवावे?

कोकणात परसात मका लावायचा म्हटले की बहुतेक घरी तो गडग्याच्या कडेने एका ओळीत लागतो, कारण मधली जागा मिरची, वांगी आणि माठाच्या वाफ्यांसाठी राखलेली असते. रोपे जोमाने वाढतात, तुरेही येतात. पण कणीस सोलावे तर दाणे जागोजागी गळालेल्या दातांसारखे विरळ. पहिल्या वर्षी मीही याचे खापर खतावरच फोडले होते. खरे कारण मांडणीत होते.

मक्याचे परागण वाऱ्याने होते. शेंड्याच्या तुऱ्यातून झडणारा पराग खाली कणसाच्या टोकाशी लोंबणाऱ्या केसांवर पडावा लागतो आणि प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असल्यामुळे, ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरतच नाही. एकेरी ओळीतला बराचसा पराग वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या आगरात निघून जातो. म्हणून तेवढीच रोपे चौकोनी तुकड्यात, निदान चार ओळींत लावावीत.

दोन ओळींत 60 सेंमी, म्हणजे दोन फूट, आणि ओळीतल्या दोन रोपांत 25 सेंमी, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक अंतर ठेवावे. चार ओळींत प्रत्येकी सहा रोपे धरली तर सुमारे 2.4 मीटर रुंद आणि 1.5 मीटर लांब जागेत 24 रोपे बसतात; घरच्या माणसांना तेवढी पुरतात. पुळणीच्या रेताड जमिनीत किंवा कातळावरच्या उथळ मातीत ओल लवकर उडते, तेथे रोपांतील अंतर 30 सेंमी करणे बरे. जागा वाया जाते असे वाटून दाटी केल्यास रोपे उजेडासाठी उंच धावतात, बुंधे बारीक राहतात आणि काही रोपांना कणीसच धरत नाही. नारळी-पोफळीच्या सावलीत मात्र कितीही अंतर ठेवले तरी उपयोग नाही. मक्याला दिवसातून सहा ते आठ तास ऊन लागते.

अंतर नजरेने ठरवू नये. बांबूच्या काठीवर खुणा करून, दोरी ताणून, प्रत्येक खुणेवर तीन ते पाच सेंमी खोल दोन-दोन दाणे टोकावेत. रोपे वीतभर झाली की विरळणी करावी. नको असलेले रोप उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावे, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. विरळणी करताना हात आखडतो, हे खरे. पण एका ठिकाणी दोन रोपे ठेवली तर दोन्ही रोडावतात. उगवण न झालेल्या जागी आठवड्याभरातच नांगे भरावेत, म्हणजे तेथे पुन्हा लावणी करावी, कारण उशिरा लावलेले रोप बाकीच्यांच्या सावलीत सापडते. महिनाभराने बुंध्याला मातीची भर द्यावी. दोन फुटांची मोकळी जागा तेव्हा कामी येते; खोरे फिरवायलाही आणि माती ओढायलाही.

पावसाळी मका लावायचाच असेल तर उंच वरंब्यावर लावावा. पण तुरे येण्याच्या सुमारास संततधार लागली की पराग भिजतो आणि ही सारी मांडणी फुकट जाते. भातकापणीनंतर, विहिरीचे पाणी असेल तर, नोव्हेंबरमध्ये केलेली लावणी अधिक भरवशाची असते.

जागा अगदीच अरुंद असून दोनच ओळी बसत असतील, तर सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदी पिशवीत झटकून तो पराग शेजारच्या रोपांच्या ताज्या केसांवर शिंपडावा आणि हे काम चार-पाच दिवस करावे. गोड मका लावणाऱ्यांनी जवळ साधा मका लावू नये, कारण साध्याचा पराग पडला की गोड मक्याचे दाणे पिठूळ होतात. दोन्ही हवे असतील तर लावणीत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.