मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी मॅन्युअल लेन्स: फोकस नेमका कसा धरावा

किट झूमनंतर (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स) दुसरी लेन्स कोणती, याचं उत्तर बहुतेकांसाठी एकच आहे: फिल्मच्या काळातली ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). तालुक्याच्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारलं तर कपाटात एखादी निघते. एपीएस-सी सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) ती साधारण ७५ मिमीसारखी दिसते, माणसांच्या आणि बैलांच्या चेहऱ्यांना अगदी योग्य.

घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून समोरून बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स तिथेच ठेवा. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर तेलाची चमक नको. निकॉनची असेल तर अ‍ॅपर्चर रिंग असलेलीच घ्या. रिंग नसलेली ‘जी’ लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवणारा जोड) सगळ्यात लहान छिद्रावर अडकून राहते.

अ‍ॅडॅप्टर म्हणजे पोकळ नळी. निकॉन एफ माउंट (लेन्स बसते ते कडं) फिल्मपासून ४६.५ मिमीवर असतो, सोनी ई माउंट सेन्सरपासून १८ मिमीवर. उरलेले २८.५ मिमी ही नळी भरून काढते. त्यात काच लागत नाही, काच असलेला स्वस्त अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखता येत नाही, म्हणून मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असेल तर फोकल लेंथ ५० भरा, ७५ नाही.

आता फोकस. सगळे फोटो इथेच वाया जातात.

‘फोकस पीकिंग लावा, रंग दिसला की दाबा’ हा सल्ला विसरा. पीकिंग फोकस मोजत नाही, कॉन्ट्रास्ट असलेल्या कडा रंगवतं, आणि तेही स्क्रीनवरच्या लहान चित्रात. पोळ्याच्या दिवशी दुपारच्या उन्हात आरशांची झूल घातलेला बैल समोर आला की शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं लाल होतं. त्याच उन्हात सावलीतल्या काळ्या म्हशीच्या तोंडावर एक रेघ उमटत नाही. पीकिंगची पातळी ‘लो’ ठेवा, रंग लाल घ्या (फुटलेल्या पऱ्हाटीवर पांढरा रंग दिसतच नाही) आणि त्याचा उपयोग फक्त अंदाजासाठी करा.

खरा फोकस मॅग्निफिकेशनने, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र मोठं करून धरायचा. ते अंगठ्याखालच्या बटणावर बसवा. चौकट आधी जवळच्या डोळ्यावर न्या, मग मोठं करा. मधल्या चौकटीत फोकस धरून नंतर कॅमेरा वळवायची सवय इथे महागात पडते. दीड मीटरवर एफ/१.८ ला स्पष्टतेची एकूण खोली सहा-साडेसहा सेंटिमीटर असते, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे जेमतेम तीन. उभ्या माणसाचं अंग तेवढं सहज हलतं. हातात कॅमेरा असताना मॅग्निफिकेशनची पहिलीच पायरी वापरा. सगळ्यात मोठ्या पायरीवर चित्र इतकं थरथरतं की काहीच ठरवता येत नाही. रिंग फोकसच्या थोडी पलीकडे न्या, परत आणा, आणि थांबताच तीन फोटोंचा बर्स्ट घ्या. शटर माणसांना १/२०० पेक्षा हळू नको.

अ‍ॅपर्चर कुठे ठेवून फोकस धरायचा, यावर बरेच चुकीचे सल्ले फिरतात. एफ/४ पर्यंत, ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच धरा. मोठ्या छिद्राच्या काही लेन्सचा फोकस छिद्र लहान करताच थोडा सरकतो, त्यामुळे पूर्ण उघडून धरलेला फोकस एफ/२.८ ला चुकू शकतो. एफ/८ ला काढायचं असेल तर मात्र एफ/४ वर धरून मग अ‍ॅपर्चर रिंग फिरवा. एफ/८ ला सगळंच सारखं स्पष्ट भासतं आणि नेमकी जागा सापडत नाही.

दुसरी खोड अनंताची. फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे दूरचा डोंगर स्पष्ट, असं धरून चालू नका. बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, त्यामुळे लेन्स अनंताच्याही पलीकडे जाते आणि दूरचं सगळं मऊ येतं. उलट अ‍ॅडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड निघाला तर ५० मिमी लेन्सचा फोकस साधारण २५ मीटरच्या पुढे जातच नाही. असा परत करा. रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, मॅग्निफाय करून चंद्राची कड किंवा दूरच्या टॉवरचा लाल दिवा बघा. जिथे कड धारदार दिसते किंवा दिवा बारीक ठिपका होतो तिथे रिंगवर नेलपॉलिशची खूण करा. मग वावराच्या धुऱ्यावर टेपने ५ आणि ८ मीटर मोजून तशाच खुणा करा. यानंतर लेन्सवरच्या छापील आकड्यांकडे बघू नका.

या खुणांचा फायदा शंकरपटात कळतो. धावत्या जोडीवर हाताने फोकस फिरवणं सोडून द्या. एफ/८, रिंग ८ मीटरच्या खुणेवर, शटर १/१००० च्या पुढे: साधारण ५.३ ते १६ मीटरमधलं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. लेन्सवर कोरलेली खोलीची पट्टी फुल फ्रेमसाठी (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) असते, एपीएस-सीवर एफ/८ ला काढताना एफ/५.६ च्या रेघा वाचा.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे. जिनिंगच्या आवारात बदलूच नका, कापसाचा तंतू सेन्सरला चिकटतो. मे महिन्यात बंद गाडीत लेन्स राहिली तर ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवा, पण त्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाची कढई वापरू नका.