ऑलिम्पिक हँडबॉलची पात्रता कशी समजून घ्यावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शाळेत हँडबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी मुलांना पात्रतेची वाट समजावताना आधी वहीत बारा रकाने आखावेत, कारण ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे आणि महिलांचे प्रत्येकी बाराच संघ खेळतात.

पहिल्या रकान्यात यजमान आणि दुसऱ्यात विश्वविजेता लिहावा. पुढचे चार रकाने युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांच्या पात्रतेतून भरतात. उरलेल्या सहा जागांसाठी चार-चार संघांच्या तीन पात्रता स्पर्धा होतात आणि प्रत्येकीतील पहिले दोन संघ पुढे जातात.

खरी कसोटी लागते ती एकाच संघाने दोन रकाने व्यापल्यावर. 2024 च्या पुरुषांच्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सने अंतिम सामन्यात डेन्मार्कला हरवले. परंतु फ्रान्स पॅरिस ऑलिम्पिकचा यजमान म्हणून आणि डेन्मार्क 2023 चा विश्वविजेता म्हणून आधीच पात्र असल्याने युरोपची जागा तिसऱ्या क्रमांकाच्या स्वीडनला मिळाली. हे उदाहरण मुलांकडून स्वतःच्या हाताने सोडवून घ्यावे. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगी पडते.

भारताची वाट आशियातून जाते. विश्वस्पर्धेचे दारही तेथेच उघडते: 2024 साली नवी दिल्लीत झालेल्या महिलांच्या आशियाई स्पर्धेतील पहिल्या चार संघांना 2025 च्या विश्वस्पर्धेत प्रवेश मिळाला. म्हणून खानदेशातील खेळाडूंनी युरोपच्या निकालांआधी आशियाई स्पर्धेची गटवारी अभ्यासावी.